बंद घाटाचे मुकादम

घाट बंद असल्याचा बोर्ड आमच्याकडे फक्त बाहेरची माणसं वाचतात. आम्ही वरंध-शिवथरकडचे लोक बोर्डाच्या शेजारून मोटारसायकल जाईल एवढी फट कुठे आहे ते बघतो. फट असतेच, कारण घाटातल्या वाड्यांवरच्या माणसांना जायला-यायला काहीतरी वाट ठेवावीच लागते. त्या वाटेने मग ज्यांची वाडी घाटात नाही तेही जातात. माझी सासुरवाडी घाटापलीकडची, भोरकडची, त्यामुळे मी दर पावसाळ्यात चार-पाच वेळा तरी जायचो, आणि जाऊन आलो की कंपनीत चहाच्या वेळी ते सांगायचो.

ह्या फटीच्या तोंडाशी, बांबूच्या अडसराला टेकून, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक गृहस्थ बसायचे. त्यांना सगळे मुकादम म्हणत. बांधकाम खात्यात मैलकुली म्हणून लागले, रस्त्याच्या कडेची गटारं काढत आणि दरडी उपसत मुकादम झाले, निवृत्त झाले, आणि निवृत्त झाल्यावरही दर पावसाळ्यात घाट बंद झाला की बोर्डापाशी येऊन बसत. पगार नाही, हुकूम नाही. कुणी विचारलं तर म्हणत, "बोर्डाला काय तोंड हाय का? कुनीतरी सांगाय नको?" त्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. दरडीखाली उभं राहून जन्म काढलेला हा माणूस घरात, अंथरुणात, झोपेत गेला, ह्याचं आमच्या वाडीला थोडं नवलच वाटलं.

मुकादमांचं वेड एकच होतं. सांगितलेलं ऐकायचं. मागे महाडात पूर आला होता तेव्हा लाऊडस्पीकर लावलेली रिक्षा गावोगाव फिरून 'पाणी उकळून प्या' असं सांगत गेली. पूर ओसरला, विहिरी साफ झाल्या, लोक विसरून गेले. मुकादम मात्र शेवटपर्यंत पाणी उकळूनच पीत होते, कारण आता उकळू नका असं सांगायला रिक्षा परत आली नव्हती. औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्या' असं असलं तर ते बाटली इतका वेळ हलवत की बघणाऱ्याचा हात दुखायचा. गावच्या शाळेच्या कठड्यावर खडूने 'रंग ओला आहे' असं लिहिलं होतं, ते कुणी पुसलं नाही. सगळं गाव त्या कठड्यावर बसून गप्पा मारायचं आणि मुकादम वर्षभर समोर उभं राहून. ह्या सगळ्यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "सांगनारा काय येडा म्हनून सांगतो?"

त्यांना बायको होती ती लवकर गेली. मूलबाळ नव्हतं. घरात एक चूल आणि एक रेडिओ, आणि रेडिओ मुख्यतः हवामानासाठी.

बोर्डापाशी त्यांची पद्धत वेगळी होती. ते कुणालाही अडवत नसत, ओरडत नसत, हात जोडत नसत. गाडी आली की उठायचे, जुन्या कॅलेंडरचं फाडलेलं पान आणि पेन काढायचे आणि विचारायचे, "घाट बंद हाय. तरी जानार?" समोरचा हो म्हणाला की नाव विचारायचे, घरचा फोन नंबर विचारायचे, आणि मग अगदी सहज, गिऱ्हाइकाला चहा साधा की स्पेशल विचारावं तसं विचारायचे, "बरं, घरी काय सांगू?"

बहुतेक लोक हसायचे. काही चिडायचे. एकदा पुण्याकडून फिरायला आलेलं एक जोडपं माझ्या समोरच आलं. नवरा म्हणाला, "आजोबा, काही होत नाही." मुकादम म्हणाले, "व्हायला नकोच. पन झालं तर काय सांगू?" तो हसत हसत काहीतरी बोलायला गेला आणि त्याला वाक्य सापडेना. मागे बसलेल्या बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चल मागे." मी तेव्हा माझ्या गाडीवर बसून ही गंमत बघत होतो. माझी पाळी आली तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "सांगा, आमटी गरम ठेव म्हणावं." मुकादमांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, माझी सही घेतली आणि बाजूला झाले.

अशा माझ्या आमटीच्या सह्या त्यांच्याकडे पंधरा-वीस तरी असतील.

आता माझ्या शहाणपणाकडे येतो. महाडच्या औद्योगिक वसाहतीत मी एका कंपनीत स्टोअरकीपर होतो. नोकरी चांगली होती. पण माझा धाकटा मेहुणा सिंगापूरला गेला आणि सासूबाई माझ्या ताटात वाढताना त्याच्याबद्दल बोलू लागल्या. भाजीबरोबर सिंगापूर, ताकाबरोबर सिंगापूर. तीन वर्षं मी ते जेवलो. चौथ्या वर्षी पोलादपुरात हायवेला लागून एका मोबाइलच्या दुकानाच्या माडीवर बसणाऱ्या एजंटाकडे गेलो आणि मलाही परदेशी जायचंय असं सांगितलं.

एजंटाकडे एकच जागा होती. पश्चिम आशियातल्या एका देशात, एका बांधकामाच्या तळावर, स्टोअरकीपर. देशाचं नाव सांगत नाही, तिथल्या माणसांनी माझं काही वाईट केलं नाही. पण तिथे लढाई चालू होती आणि तिथे जाऊ नका असं आपल्या सरकारने स्पष्ट कळवलं होतं. एजंटानेच मला ते मोबाइलवर दाखवलं. लपवलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. मी मोबाइल परत त्याच्याकडे सरकवला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, तुम्ही इथलेच ना? आंबेनळी घाटाला पण पावसाळ्यात बोर्ड लागतो. म्हणून काय महाबळेश्वरला जायची माणसं थांबतात? आधी शेजारच्या देशात उतरायचं, तिथून गाडीनं आत. फट असते."

फट म्हटल्यावर माझा चेहरा उजळला. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातला माणूस असता तर त्याने युद्ध ह्या शब्दाचा विचार केला असता. मी बोर्ड ह्या शब्दाचा केला. बोर्ड हा सरकारने स्वतःची मान सोडवून घेण्यासाठी लावलेला असतो, त्याचा रस्त्याशी काही संबंध नसतो, हे मी दर पावसाळ्यात स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं होतं. विमा उतरवायला गेलो तर तिथल्या माणसाने सांगितलं की सरकारने नको म्हटलेल्या ठिकाणी गेलात तर पॉलिसी लागू नाही. मी त्याला म्हणालो, मग राहू दे, मला काही होणार नाही. असं म्हणताना मी काउंटरवर कोपर टेकलं होतं, हेही मला आठवतं.

बायको आधी रडली, मग भांडली, मग बोलायची बंद झाली. मी ते संमती म्हणून धरलं.

निघायच्या आधीच्या रविवारी दुपारी आमच्या अंगणात मटणाचा बेत होता. वीस-पंचवीस माणसं जेवून सुपारी कातरत बसली होती. तेवढ्यात मुकादम आले. हातात एक कागद, लॅमिनेशन केलेला. सरकारची ती सूचना त्यांनी महाडच्या सेवा केंद्रातून छापून आणली होती, हायस्कूलच्या मास्तरांकडून खाली मराठीत लिहून घेतली होती, आणि पावसात भिजायला नको म्हणून लॅमिनेट केली होती. अंगणाच्या मधोमध उभं राहून त्यांनी ती पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. "सर्व भारतीय नागरिकांना सूचित करण्यात येते की..." स्वल्पविरामालाही थांबत होते.

माणसं एकमेकांना कोपरं मारायला लागली. त्या दिवशी अंगणात माझा मान होता, आणि हा म्हातारा तो लॅमिनेशनने पुसत होता. वाचून झाल्यावर मी मोठ्याने म्हणालो, "मुकादम, सगळा जन्म तुम्ही बोर्डापाशी उभे. एक तरी गाडी थांबवलीत का?"

सगळे हसले. पुण्याचं ते जोडपं मला तेव्हा सोयीने आठवलं नाही. माझा चुलता तर सुपारी अडकून खोकायला लागला.

मुकादमांनी कागद नीट पिशवीत घातला. म्हणाले, "थांबवल्या की. बऱ्याच थांबवल्या."

"कुठल्या? आम्ही तर नाही ऐकलं."

"त्या थांबल्या, म्हनून तुला ऐकाय आलं नाय," ते म्हणाले. "गेल्या असत्या तर ऐकलं असतंस."

ह्यावर कुणी हसलं नाही, आणि मला तेच जास्त झोंबलं. मग त्यांनी कॅलेंडरचं पान काढलं आणि विचारलंच, "घरी काय सांगू?" मी घराच्या दाराकडे बघितलं. बायको उंबऱ्यात उभी होती. मी म्हणालो, "सांगा, टीव्हीवरच्या बातम्या बघू नको म्हणावं." पुन्हा हशा झाला. मुकादमांनी लिहून घेतलं, मी सही केली. बायको आत निघून गेली, आणि मी गेल्यावर दोन दिवसांनी घराला कुलूप लावून माहेरी भोरला गेली.

तळावर मी पोचलो तो मोठ्या रुबाबात. फट होती, गाडी होती, कुणी अडवलं नाही. पहिले बारा दिवस काहीच झालं नाही. मी घरी फोनवर म्हणालो, उगाच बाऊ करतात. तेराव्या दिवशी दुपारी लांब कुठेतरी पहिला आवाज झाला आणि जमीन हलली. माझ्या स्टोअरमध्ये दोनशे हेल्मेटं होती, नवीन, खोक्यांत, आकाराप्रमाणे लावलेली. मी स्वतः लावली होती. आणि मी त्यांच्यामध्ये टेबलाखाली बोडक्या डोक्याने, कानात बोटं घालून बसलो होतो. बाहेर येऊन बघतो तर हातात हेल्मेटांची पावती होती, ती मी का घेतली कोण जाणे.

त्यानंतर आवाज रोजचेच झाले. बायकोशी व्हिडिओवर बोलताना मी एका रंगवलेल्या भिंतीपुढे उभा राहायचो, म्हणजे मागे काही दिसू नये. एकदा बोलता बोलता मोठा आवाज झाला. ती म्हणाली, "अहो, काय वाजलं?" मी म्हणालो, "लग्नसराई आहे इकडे. फटाके."

"दुपारी दोन वाजता?"

"इकडे तशी पद्धत आहे."

तिने जेवलात का विचारलं. मला वाटलं, पटलं.

मग विमानं बंद झाली. आपल्या वकिलातीने कळवलं की त्या देशात असलेल्या प्रत्येक भारतीयाने आपलं नाव नोंदवावं, म्हणजे बाहेर काढता येईल. आमच्या तळावर आम्ही सहा जण आपल्याकडचे होतो. मी त्यातला एकटा बी.कॉम. त्यामुळे बाकीच्या पाचांनी मला विचारलं, काय करायचं. मी त्यांना बसवून नीट समजावलं. "आपण आलो कसे? सरकार नको म्हणत असताना. आता स्वतःहून जाऊन सांगायचं की साहेब, आम्ही आलोय? आमच्याकडे बंद घाटात गाडी अडकली तर कुणी तहसीलदाराला फोन करत नाही. गप्प बसायचं, पाऊस उघडला की निघायचं." माझं बोलणं सगळ्यांना पटलं. अशा वेळी माझं बोलणं नेहमीच पटतं, हा माझ्यातला फार मोठा दोष आहे.

पासपोर्टवर शिक्का मारतील, परत कधी कुठे जाऊ देणार नाहीत, मेहुणा काय म्हणेल, सासूबाई काय वाढतील, एवढं सगळं माझ्या डोक्यात होतं. मरण नव्हतं. मरण ही गोष्ट मला तेव्हा दुसऱ्यांची वाटत होती.

तीन दिवसांनी भरदुपारी मोबाइल वाजला. अनोळखी नंबर, भारतातला. पलीकडून मुकादमांचा आवाज आला. सेवा केंद्रातल्या बाईंच्या मोबाइलवरून बोलत होते, आणि फोन लांबचा म्हणून शक्य तेवढं ओरडत होते.

"नाव नोंदवलंस?"

मी त्यांना माझं तहसीलदाराचं गणित सांगितलं.

"ऐक," ते म्हणाले. ओरडणं थांबलं होतं. "मी नोकरीला नवा होतो तवाची गोष्ट. घाट बंद होता. दरड आली. खाली मोटारसायकल दिसली. आमी उपसाय लागलो. दोन दिसांनी एक मानूस गावला. आमी थांबलो. काम झालं म्हनून चहा पिलो. मी बी पिलो. आठ दिसांनी एक बाई फोटो घेऊन आली. म्हनाली, माझा मालक गाडीवर मागं बसलेला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दुसरा हाय ह्ये कुनाला ठावच नव्हतं रे. नाव नव्हतं कुठं. तवापास्नं मी इचारतो. लोकांना वाटतं, भ्या घालतो. भ्या घालाय नाय इचारत. कितीजनांसाठी उपसायचं ते कळाय पायजे म्हनून इचारतो. आता सरकार तुझं नाव मागतंय तर दे. शिव्या घालायच्या त्या मागनं घालतील."

इतकं ऐकल्यावर मी लगेच नाव नोंदवलं असतं तर ही माझ्या सुधारण्याची गोष्ट झाली असती. मी काय केलं, तर ती गोष्ट बाकीच्या पाचांना सांगितली. सांगताना माझा स्वतःचा आवाज भरून आला. पाचही जणांनी तिथल्या तिथे मोबाइल काढून नावं नोंदवली. मी म्हणालो, मी उद्या करतो. तीन दिवसांपूर्वी ज्यांना समजावलं त्यांच्यासमोर आज स्वतः अर्ज भरायचा, हे मला जड जात होतं. खोटं कशाला सांगू, एवढंच कारण होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळाच्या पलीकडचं डिझेलचं गोदाम पेटलं. धूर आमच्या अंगावर आला. मोबाइलची रेंज गेली ती गेलीच, आणि माझा उद्या तिथेच संपला. त्या दिवशी मी पहिल्यांदा खरा घाबरलो. आधी जे घाबरलो होतो ते दचकणं होतं. खाटेवर बसून मी बायकोला निरोप लिहायला घेतला, कुणाबरोबर तरी देता येईल म्हणून, आणि तासभर बसून मला एक वाक्य लिहिता आलं नाही. पुण्याच्या त्या गाडीवाल्याला मी हसलो होतो. त्याला निदान मागे फिरायला रस्ता होता.

तिसऱ्या दिवशी बस आली. वकिलातीचा एक अधिकारी हातात यादी घेऊन उतरला. बस लहान, तळ बरेच फिरायचे होते, त्यामुळे यादीत असतील तेवढेच घेणार असं त्याने आधीच सांगितलं. बाकीच्यांनी पुढच्या बसची वाट बघायची. त्याने पाच नावं वाचली. पाच जण पिशव्या उचलून चढले. चढताना कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. आणि मग त्याने सहावं नाव वाचलं. ते माझं होतं.

मी म्हणालो, "साहेब, मी नोंद केलेली नाही."

त्याने यादीत बघितलं. "तुमच्या वडिलांनी केली आहे. महाडहून."

आता, माझे वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. ज्या बसवर माझा जीव अवलंबून होता तिच्या दारात उभं राहून मी ही शंका दूर करायला तोंड उघडलं. "साहेब, काहीतरी चूक होतेय, माझे वडील तर..." एवढं बोललो आणि दारात उभ्या असलेल्या, आमच्या पाचांतल्याच वेल्डरने लोखंडी टाचेचा बूट माझ्या पायावर ठेवला. पूर्ण वजनानिशी ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अधिकाऱ्याला वाटलं, वडिलांच्या आठवणीने आलं. त्याने माझ्या पाठीवर थोपटलं आणि आत बसवलं. पुढची बस आली की नाही ते मला माहीत नाही. मी पुष्कळदा शोधायचं ठरवलं आणि शोधलं नाही.

महाडला उतरलो तो लंगडत. खरी हकीकत सेवा केंद्रातल्या बाईंनी सांगितली. माझ्याशी बोलणं झालं त्याच दुपारी, फोन ठेवल्यावर, मुकादम म्हणाले, "हा नाव देनार नाय. मी वळखतो ह्याला." अर्जाला पासपोर्टची प्रत जोडायला हवी होती. प्रत आमच्या घरातल्या ट्रंकेत, बायको भोरला, मधे घाट बंद. ती निघते म्हणाली, तर मुकादमांनी तिला फोनवरूनच दम दिला, "घाटात पाय टाकायचा नाय, बाय. एक अडकलाय तेवढा पुरे." मग तिने शेजारी ठेवलेली चावी कुठे ते सांगितलं, मुकादमांनी ट्रंक उघडून प्रत काढली आणि संध्याकाळच्या आत महाडला परत आले. अर्ज भरता भरता बाई नात्याच्या रकान्याशी आल्या. त्यात पती-पत्नी, आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी एवढंच. बाई म्हणाल्या, "काका, ह्यातलं काहीतरी निवडल्याशिवाय पुढे जात नाही."

"गाववाला लिवा."

"गाववाला ह्यात नाही."

मुकादम उठून बाहेर गेले आणि बाकावर बसले. बंद करायची वेळ झाली तरी बाईंनी केंद्र उघडं ठेवलं. पाऊण तासाने ते आत आले, उभ्यानेच म्हणाले, "वडील लिवा," आणि पुन्हा बाहेर जाऊन बसले. पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी तडक बोर्डापाशी गेलो. वाटेत बोलायचं ठरवून गेलो होतो, पाया पडायचं ठरवलं होतं. मुकादम खुर्चीवर होते, पण एवढ्याशा दिवसांत पार उतरले होते. मला बघून त्यांना आनंद झाला असेल, पण तो दाखवायला त्यांना सवड नव्हती. मी वाकलो तर म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. आदी मला सांग, सरकारी कागदावर खोटं लिवलं तर ते कळवाया कुठं जायाचं? तहसीलात का पोलिसात?"

मी म्हणालो, "मुकादम, कुणी विचारत नाही."

"कुनी इचारत नाय म्हनून तू तिकडं गेलास," ते म्हणाले. "मला झोप नाय लागत."

त्यांनी मास्तरांकडून अर्जही लिहून घेतला होता. 'मी खाली सही करणार, अमुक तारखेस अमुक इसमाचा पिता असल्याचे खोटे निवेदन केले, तरी योग्य ती कारवाई व्हावी.' दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघे महाडला गेलो. तहसील कार्यालयात रांग होती. मुकादम अर्ज दोन्ही हातांत धरून उभे होते. लढाईतून सुटून आलेला मी, आणि शिक्षा व्हावी म्हणून रांगेत उभे ते. मला स्वतःची इतकी लाज आजवर वाटली नव्हती.

कारकुनाने अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा वर करून मला विचारलं, "तो इसम तुम्हीच?"

"हो."

"ह्यांनी लिहिलंय की हे तुमचे वडील नाहीत, खोटं लिहिलं होतं. बरोबर आहे का?"

मी मुकादमांकडे बघितलं नाही. म्हणालो, "नाही साहेब. वडील आहेत. वय झालंय, विसरतात."

मुकादम जे भडकले ते मी कधी बघितलं नव्हतं. ज्या माणसाने सगळी हयात कुणावर आवाज चढवला नाही तो भर कचेरीत टेबलावर हात आपटून ओरडला, "साहेब, खोटं बोलतो ह्यो! लिवून घ्या! सरकारी हापिसात खोटं बोलतो!" रांगेतली माणसं जमा झाली. कारकून उठून उभा राहिला आणि मला म्हणाला, "वडिलांना घरी घेऊन जा. पाणी द्या." अर्ज त्याने घडी करून माझ्याच हातात दिला.

परतताना एसटीत ते दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. त्यानंतर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी रोज सकाळी बोर्डापाशी जायचो, त्यांच्या खुर्चीशेजारी दगडावर बसायचो आणि अंधार पडला की घरी यायचो. बायको भोरहून आली होती, ती सकाळी दोन डबे भरून द्यायची. ते डबा घ्यायचे, खायचे, धुऊन परत ठेवायचे. नवव्या दिवशी वरून पाण्याचा लोंढा रस्त्याच्या कडेने आला आणि मी तसाच दगडावर बसून होतो. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. मग समोर घाटाकडे बघतच म्हणाले, "पाय वर घे. बापाचं ऐकशील का नाय कधी?"

मी पाय वर घेतले.